निमुळत्या बुडात निम्मं मावत नाही

प्रश्न तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा आहे. थोडक्यात असा: "बागेला स्लरी सोडायला पत्र्याची टाकी करून घेतोय. व्यास ४ फूट, वरचा सरळ भाग ३ फूट, खाली २ फुटांचं निमुळतं बूड. मिस्त्री म्हणतात, निमुळत्याचं निम्मं धरायचं, १४२० लिटर भरेल. भावही तेवढ्याचाच सांगितलाय. दहावीतली मुलगी म्हणते, निम्मं नाही, एक तृतीयांश. शेजारी म्हणतात, नरसाळं कशाला, गोल बूड बसवा, दुप्पट मावेल. कुणाचं धरू?"

मुलीचं धरा. शेजाऱ्यांचंही बरोबर आहे, पण कागदावर. मिस्त्री चुकलेत. पण चूक अशी आहे की ती मी स्वतः लोकांना शंभरदा करताना पाहिली आहे, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. मी कुपवाडच्या एमआयडीसीत २६ वर्षं पत्र्याचं काम करतो. टाक्या, हॉपर (माल खाली सोडायची नरसाळ्यासारखी पेटी), हळद शिजवायचे ड्रम, जे येईल ते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमचा खरा प्रश्न 'टाकीत किती लिटर' हा नाहीच. तो सूत्रात आकडे घातले की सुटतो. खरा प्रश्न असा आहे, की घेर तोच, उंची तीच, फक्त आकार बदलला तर माल किती कमी-जास्त होतो. हे एकदा डोक्यात बसलं की मिस्त्री, शेजारी, दुकानदार, कुणीही काही सांगू दे, उभ्या उभ्या पडताळता येतं.

आधी तुमच्या टाकीचा हिशेब उरकू. व्यास ४ म्हणजे त्रिज्या २ फूट. तोंडाचं क्षेत्रफळ ३.१४ गुणिले २ गुणिले २, म्हणजे १२.५७ चौरस फूट. सरळ भाग ३ फूट, म्हणून ३७.७ घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर पाणी बसतं, म्हणजे सरळ भागात साधारण १०६७ लिटर. इथपर्यंत मिस्त्रींचं आणि मुलीचं एकमत आहे. भांडण फक्त खालच्या २ फुटांचं. तिथे बूड सरळच खाली नेलं असतं तर ७१२ लिटर आणखी बसले असते. मिस्त्रींनी त्याचे निम्मे धरले, ३५६. मुलीने तिसरा हिस्सा धरला, २३७. अर्धगोल बसवला तर ४७५. म्हणजे शंकूची टाकी १३०५ लिटरची आणि अर्धगोलाची १५४२ लिटरची. मिस्त्रींचे १४२० या दोन्हींत कुठेच बसत नाहीत. फरक जवळजवळ १२० लिटरचा.

२३७, ४७५, ७१२ हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. एक, दोन, तीन. हा योगायोग नाही. तुमच्या बुडाची उंची नेमकी त्रिज्येएवढी, २ फूट, आहे. अशा वेळी शंकू, अर्धगोल आणि वृत्तचिती (म्हणजे सरळ गोल डबा) यांचं घनफळ कायम १ : २ : ३ याच प्रमाणात येतं. टाकी चार फुटी असो नाहीतर चहाचा पेला असो. उंची त्रिज्येपेक्षा वेगळी ठेवली तर अर्धगोल या शर्यतीतून बाहेर पडतो, कारण त्याची उंची त्रिज्येएवढीच असते. शंकूचा तिसरा हिस्सा मात्र कुठल्याही उंचीला सुटत नाही.

आता मिस्त्री का चुकले ते सांगतो, कारण त्यातच सगळी गंमत आहे. आम्ही टाकीचं चित्र वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढतो. समोरून दिसते तशी. सरळ टाकी चौकोन दिसते आणि निमुळतं बूड त्रिकोण. चौकोनात बसणारा असा त्रिकोण चौकोनाच्या निम्मा असतो, हे लहान पोरालाही दिसतं. डोळा तेच मोजतो आणि तोंड 'निम्मं' म्हणून मोकळं होतं. पण टाकी फरशीवर चपटी पडलेली नाही. ती गोल फिरलेली आहे.

पत्र्याचं एक दार डोळ्यांसमोर आणा. रुंदी २ फूट, उंची २ फूट, बिजागरीवर पूर्ण गोल फिरणारं. ते फिरून जी जागा घेतं ती वृत्तचिती. आता त्याच दाराचा बाहेरचा खालचा कोपरा तिरका कापून टाका, म्हणजे बिजागरीला चिकटलेला काटकोन त्रिकोण उरेल. तो फिरला की तुमचं नरसाळं. पत्रा निम्माच कापला गेला हे खरं, पण कुठला निम्मा? बहुतेक बाहेरच्या अंगाचा, जो फिरताना सगळ्यात लांबचा फेरा मारत होता. उरलेला पत्रा बिजागरीच्या जवळचा, कमी चालणारा. मुलीला विचारा, त्रिकोणाचा मध्यगासंपात मध्यगेला २ : १ मध्ये विभागतो हे तिने केलेलं आहे. पुठ्ठ्याचा त्रिकोण पेन्सिलीच्या टोकावर ज्या बिंदूत तोलला जातो तो हाच. हा तोलबिंदू बिजागरीपासून रुंदीच्या एक तृतीयांशावर येतो. चौकोनी दाराचा तोलबिंदू निम्म्यावर. म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्मं, आणि त्याचा फेरा चौकोनाच्या फेऱ्याच्या दोन तृतीयांश. निम्म्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश. झालं. मिस्त्रींनी अर्धा हिशेब बरोबर केला, फेऱ्याचा हिशेब राहून गेला.

आणि या चुकीला मोठी परंपरा आहे बरं का. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात सूचीसारख्या टोकदार घनाकृतीचं घनफळ तळ गुणिले उंचीच्या निम्मं सांगितलंय, असाच त्या श्लोकाचा अर्थ सहसा लावतात. त्रिकोणावरून घनाकृतीकडे गेलं की हे 'निम्मं' चिकटून येतं. पुढे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये एक तृतीयांश स्वच्छ सांगितलं आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) तेच आहे, सरळ खड्ड्याच्या घनफळाचा तिसरा हिस्सा म्हणजे सूचीखाताचं, टोकदार खड्ड्याचं, घनफळ. गोलाबाबतही आर्यभटाचा नियम खऱ्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने जास्त उत्तर देतो. ज्या माणसाने पायची किंमत ३.१४१६ दिली तो जिथे घसरला, तिथे आपले मिस्त्री घसरले तर काय मोठं.

अर्धगोलाचं कोडं मात्र दाराने नीट सुटत नाही, त्याला काप घ्यावे लागतात. तुमच्याच मापात करू. त्रिज्या २ फूट, खोली २ फूट. अर्धगोलाच्या काठापासून १ फूट खाली आडवा काप घ्या. तिथल्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग येतो ४ वजा १, म्हणजे ३. शेजारी एक सरळ टाकी ठेवा आणि तिच्यात टोक वर करून एक शंकू उभा करा. त्याच पातळीला सरळ टाकीच्या त्रिज्येचा वर्ग ४, शंकूच्या त्रिज्येचा वर्ग १. टाकीतून शंकू वजा केला की उरले ३. तेवढेच. दुसऱ्या कुठल्याही पातळीला काप घ्या, हेच जमतं. प्रत्येक काप सारखा, म्हणजे अख्खा मालही सारखा. वृत्तचितीचे तीन वाटे, त्यातून शंकूचा एक गेला, उरले दोन, तो अर्धगोल. गोल हा त्याला बाहेरून टेकणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश असतो हे आर्किमिडीजने सिद्ध केलं, आणि त्याला स्वतःच्या सगळ्या शोधांत याचंच इतकं अप्रूप होतं की थडग्यावर गोल आणि वृत्तचितीच कोरली होती. इ.स.पू. ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरोने सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये झाडीत झाकलेलं ते थडगं ओळखलं ते त्या खुणेवरूनच.

मुलीला नुसतं वाचून पटणार नाही, पटूही नये. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा एक शंकू आणि त्याच तोंडाचा, त्याच उंचीचा सरळ डबा करा. ज्वारी भरून ओता. तीन शंकू ओतले की डबा काठोकाठ भरतो. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या आठवड्यात मी हे करायला लावतो. कागदाची शिवण जाड केली की तिसऱ्या खेपेला दाणे थोडे कमी पडतात, मग पोरगं म्हणतं, शेठ, सूत्र चुकलं.

आता मापाकडे. माझ्या अनुभवात गणित चुकत नाही, टेप चुकतो. शंकूची उंची म्हणजे मधून सरळ खाली ओळंब्याने मोजलेली. पण बाहेरून टेप लावायला सोपा तो उतारावरून, आणि माणूस तेच माप घेतो. तुमच्या बुडाचा उतार २ फूट १० इंच भरेल. तो उंची म्हणून सूत्रात घातला तर बुडात ३३५ लिटर येतात. बघा, मिस्त्रींच्या ३५६ च्या किती जवळ! दोन चुका एकमेकींची साक्ष देतात आणि सगळ्यांना वाटतं हिशेब जुळला. तुम्ही लिहिलेले २ फूट उभेच असणार, याबद्दल मला शंका नाही. कारण उतार २ फूट आणि त्रिज्याही २ फूट असेल तर शंकू बनतच नाही, सपाट ताट बनतं.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. धंद्याच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी पशुखाद्याचा एक हॉपर केला. व्यास ५ फूट, आणि घाईत उतारावरचे ५ फूट उंची म्हणून लिहिले. खरी उंची होती ४ फूट ४ इंच. गिऱ्हाइकाने माल भरला आणि सव्वाशे लिटरची जागा कमी पडली. माणूस चांगला, आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाला, "आता वाढवून द्या." वरून पावणेतीन इंचाची पट्टी गोल जोडून दिली, स्वतःच्या खर्चाने. तो जोड लांबूनही दिसायचा.

दुसरी गोष्ट व्यासाची. उंचीत एक इंच चुकला तर तुमच्या सरळ भागात ३० लिटरचा फरक. व्यासात दोन इंच जास्त पकडले तर साडेआठ टक्के, कारण व्यास दोनदा गुणला जातो. म्हणून व्यास अंदाजाने मधून टेप धरून घेऊ नका. टाकीच्या पोटाभोवती टेप गुंडाळून घेर घ्या आणि ३.१४ ने भागा. तुमचा घेर १२ फूट ७ इंचांच्या आसपास यायला हवा. पत्रा ३ मिमीचा असेल तर आतला-बाहेरचा फरक एक टक्क्याच्या आत असतो, तो सोडून द्या. खाली व्हॉल्वसाठी शंकूचं टोक कापतील, तेही सोडून द्या. चार इंची तोंड ठेवलं तर व्यासाचा बारावा भाग कापला गेला, म्हणजे घनफळाचा १७२८ वा, कारण १२ तीनदा गुणला जातो. एक कप चहा!

त्याच नियमाची दुसरी बाजू मात्र सोडून देऊ नका. शंकूच्या निम्म्या उंचीपर्यंत स्लरी आहे म्हणजे निम्मी आहे असं नाही. एक अष्टमांश आहे. तुमच्या बुडाच्या खालच्या १ फुटात फक्त ३० लिटर बसतात, वरच्या सरळ भागाच्या एका इंचात बसतात तेवढेच. खालचा अख्खा फूट आणि वरचा एक इंच, सारखेच. बूड निम्मं भरायचं तर पातळी खालून १९ इंचांवर न्यावी लागते. तेव्हा टाकीला काचेची नळी किंवा मोजपट्टी लावणार असाल तर सरळ भागात इंचा-इंचावर सारख्या खुणा चालतील, शंकूत नाही. शंकूत बादल्या ओतूनच खुणा करून घ्या. स्लरीत औषधाचं प्रमाण बघायचं असेल तर ही गोष्ट १२० लिटरच्या भांडणापेक्षा महत्त्वाची आहे.

मग गोल बूड करायचं का? हे कशावर अवलंबून आहे ते सांगतो, निर्णय तुमचा. स्लरीत शेण, पेंड, बेसन असा गाळ असणार. निमुळतं बूड लिटर वाढवायला नसतंच, गाळ ओघळून व्हॉल्वपाशी यावा म्हणून असतं. तुमचा उतार ४५ अंशांचा येतोय. पातळ, गाळलेल्या स्लरीला तो पुरतो. घट्ट वापरणार असाल तर मी ६० अंश देतो, बूड साडेतीन फुटांचं होतं, त्यात ४११ लिटर बसतात, पण स्टँड उंच करावा लागतो. अर्धगोलाचा मधला भाग जवळपास सपाट असतो, गाळ तिथेच बसून राहतो. शिवाय चार फुटी खरा अर्धगोल आमच्यासारख्या वर्कशॉपात होत नाही, तो दाबून तयार केलेला विकत आणावा लागतो. आणि बाजारात डिश एंड म्हणून जो मिळतो तो पूर्ण अर्धगोल नसतो, चेपलेला असतो. नेहमीच्या लंबगोल प्रकाराची खोली व्यासाच्या पाव असते, तुमच्या मापाला १ फूट. अर्धगोल चेपून खोली निम्मी केली की घनफळही निम्मंच होतं. म्हणजे ४७५ चे २३७, तुमच्या शंकूएवढेच. शेजाऱ्यांचं 'दुप्पट' तिथेच संपलं.

भावाचंही सांगतो. पत्र्याचं काम लिटरवर ठरवू नका, किलोवर ठरवा. सरळ भागाला ३७.७ चौरस फूट पत्रा लागतो, शंकूला १७.८. दोन्ही मिळून साडेपंचावन्न. ३ मिमीच्या लोखंडी पत्र्यात हे १२१ किलोच्या आसपास जातं. झाकण, स्टँड, व्हॉल्व आणि कापून वाया जाणारा पत्रा वेगळा. किलोचा दर ठरला की निम्मं का तिसरा हिस्सा हा वाद पैशापुरता उरतच नाही. आणि १३०५ लिटर हे काठोकाठचे. जीवामृतासारखी स्लरी फसफसते, वर सहा इंच तरी रिकामे ठेवा. वापरायला ११२५ लिटर धरून चाला.

शंकूवरून आठवलं, खळ्यावरची रास हाही शंकूच. तिच्यासाठी लीलावतीत फार कामाचा नियम आहे. राशीचा घेर मोजा, त्याचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करून उंचीने गुणा. जाड धान्य असेल तर उंचीही मोजायची नाही, घेराचा दहावा भाग धरायचा. बारीक धान्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. २४ फूट घेराची जाड धान्याची रास घ्या. घेराचा सहावा भाग ४, वर्ग १६, उंची २.४, म्हणजे ३८.४ घनफूट. आजच्या सूत्राने ३६.७ येतात. फरक पाच टक्क्यांच्या आत, कारण त्यात पायची किंमत ३ धरली आहे. भिंतीला टेकलेली अर्धी रास, कोपऱ्यातली पाव रास, यांचेही नियम तिथे आहेत. घेर मोजायला सोपा, व्यास राशीच्या पोटात दडलेला. हे ज्याने लिहिलं तो खळ्यावर गेला असणार.

सूत्रात न बसणारे आकारही याच वाटेने जातात. आमच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, बघितली असतील. तोंड अरुंद, पोट मोठं, ना वृत्तचिती ना शंकू. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बरीच गेली. तशा एखाद्या खड्ड्याचा अंदाज मला विचारला तर मी दर फुटाला आतला घेर घेतो, प्रत्येक फुटाची एक चपटी वृत्तचिती धरतो आणि बेरीज करतो. उत्तर पोत्या-दोन पोत्यांच्या फरकाने येतं आणि कुणाचं काही बिघडत नाही.

शेवटी मिस्त्रींचं. त्यांना हे सगळं ऐकवू नका, मोजून दाखवा. टाकी स्टँडवर चढली की व्हॉल्व बंद करा, २० लिटरची एक बादली आणा. बादलीवर २० लिहिलेलं असतं म्हणून विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवून पाणी २० किलो भरेल तिथे खूण करा. मग मिस्त्रींना ओतू द्या आणि मुलीला मोजू द्या. बारावी बादली संपता संपता पाणी शंकूच्या आणि सरळ पत्र्याच्या जोडाच्या शिवणीला लागलं पाहिजे. मिस्त्री बरोबर असतील तर तिथे पोचायला अठरा लागतील. आणि दहाव्या बादलीलाच शिवण ओली झाली तर मला टाकीचा फोटो पाठवा, बूड दोन फुटांपेक्षा उथळ झालं आहे.